यादीतलं सातवं

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आज तांब्याची तार मेली. सकाळी फोन उचलला तर आत काहीच नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही. आमच्या रस्त्यावरच्या जुन्या तारा बंद होणार असं पत्र जानेवारीतच आलं होतं. त्याबद्दल विचारायला मी जुन्या कंपनीला फोन केला, तर तिथल्या बाईनं मला डार्लिंग म्हटलं आणि चाळीस मिनिटं बाजा ऐकवत ठेवलं. त्याच दिवशी मी कंपनी बदलली. ड्रायफोर्डच्या पोस्टात टेलिफोनच्या फळ्यावर मी बारा वर्षं लोकांचे फोन जोडले आहेत. एकाही माणसाला अर्ध्या मिनिटाच्या वर ताटकळत ठेवलं नाही.

नवीन कंपनीचा राउटर पोस्टवाल्या मोइरानं पायरीवर ठेवला. पांढरा, पावाच्या डब्याएवढा. इश्बेलनं पर्थहून मोबाइलवर बजावलं, "आई, हात लावू नकोस, माणूस बोलव." पोटची पोर मला सांगते हात लावू नकोस! वादळात फळ्यावरच्या अठरा जोडदोऱ्या दोन हातांनी ओढणारी बाई आहे मी.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवा लाल तो लालच. शेवटी मदतीच्या नंबरावर फोन केला. घरात मोबाइलला रेंज नाही, शेडच्या पायरीवर कुंपणाला खेटून उभं राहिलं की येते. पलीकडे लूपे नावाची बाई होती, मूळची टोंगाची, चार नातवंडांची आजी. पहिल्या वाक्यापासून मला आंटी म्हणाली.

"आंटी, जरा हळू बोला. मी ऑकलंडात बसलेय, पण तुम्ही फोन खाली ठेवलात तरी मला ऐकू येईल."

हे कौतुकच म्हणायचं. फळ्यावर स्पष्ट आवाजाला मान होता.

वायर चुकीच्या भोकात होती. आत जाऊन ती काढली, दुसऱ्यात घातली आणि दिवा हिरवा झाला. मग लूपेनं एक युक्ती सांगितली: नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा, म्हणजे घरातली सगळी यंत्रं आपोआप येऊन चिकटतात, एकेकाची मनधरणी करत बसावं लागत नाही. मी पायरीवरूनच तिला पासवर्ड एकेक अक्षर मोठ्यानं सांगितला, चुकायला नको म्हणून. ती म्हणाली, "आंटी, मला नका सांगू, तो गुपित असतो."

लाइन७मे१९७९. हा वॉटीनं ठेवलेला. सात नंबरची लाइन, मे महिना, एकोणऐंशी साल. बायकोचं ज्या दिवशी नाव खराब झालं तो दिवस नवऱ्यानं पासवर्ड करून ठेवावा, म्हणजे रोज आठवावा! तो गेल्याला तीन वर्षं झाली तरी हे आठवलं की मला भरून येतं.

२५ फेब्रुवारी, रविवार

लूपेनं राउटरचं एक पान दाखवून ठेवलंय. त्यावर आपल्या लाइनवर कोण कोण आहे त्याची यादी दिसते. मला फार आवडलं ते. पुन्हा फळ्यासमोर बसल्यासारखं वाटलं. टॅबलेट, मोबाइल, टीव्ही, प्रिंटर, हीट पंप, दाराची घंटा. सहा.

चार वाजता चहा घेऊन पुन्हा बघितलं. सात.

सातव्याच्या पुढं लिहिलंय: अनोळखी टॅबलेट. पाऊण तास होता, मग गेला. माझ्याकडं दुसरा टॅबलेट नाही. या रस्त्याच्या टोकाला घरं दोनच. एक माझं, आणि मॅक्रोकार्पाच्या झाडांच्या कुंपणापलीकडं एफी बुकनचं.

पुन्हा तीच. पुन्हा माझ्याच लाइनवर!

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मोइरानं पत्र देताना विचारलं, "इश्बेलच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी?"

माझ्या अंगाची लाही झाली. गुडघ्याचं मी ड्रायफोर्डमध्ये एका माणसाला बोललेली नाही. फक्त इश्बेलशी बोलले, टॅबलेटवर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून. मोइराला म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?" तर ती हसून म्हणाली, "कळतं हो, उना." कळतं! कसं कळतं ते मला चांगलं ठाऊक आहे. एफी सातवी होऊन ऐकते आणि मोइराच्या कानात ओतते.

जुन्या सामायिक लाइनवर हेच चालायचं. एका तारेवर आठ घरं. प्रत्येकाची घंटा वेगळी, आमची लांब-आखूड-लांब. आखूड-लांब-आखूड वाजली तर आपली नव्हे, उचलायची नाही. स्वतःला फोन करायचा असेल तर रिसीव्हर उचलून आधी विचारायचं, "वर्किंग?" लाइनवर कुणी असेल तर तो म्हणायचा, "वर्किंग," आणि मग सभ्य माणसानं रिसीव्हर खाली ठेवायचा. असभ्य माणूस ठेवायचा नाही. श्वास रोखून ऐकत राहायचा.

आता टॅबलेटवर बोलण्याआधी मी तीनदा विचारते, वर्किंग? कुणी उत्तर देत नाही. चोर कधी हूं म्हणतो का?

२९ फेब्रुवारी, गुरुवार

गळ टाकला. इश्बेलला फोन लावला आणि शब्द न शब्द सुटा करून सांगितलं, "येत्या गुरुवारी कुंपण मुळासकट तोडणार आहे. करवतवाले येणारेत."

"आई, ओरडतेस कशाला? आणि तोडतेस कशाला? दक्षिणेचा गार वारा सरळ घरात येईल."

"ज्याच्यासाठी बोलले त्याला कळलं," मी म्हटलं.

तोडणार बिडणार काही नाही. एफीची कोंबड्यांची खुराडी त्या कुंपणाच्या आडोशाला आहेत. ती हलली तर समजायचं ती ऐकते. पंचेचाळीस वर्षं मला पुरावा पाहिजे होता. तो आता मी तिच्याच हातानं काढून घेणार. मग महिला मंडळाच्या चहाला उभी राहून, सगळ्यांच्या देखत, यादी वाचून दाखवणार. तिनं मान खाली घातलेली मला बघायची आहे. बाकी या वयात मला काही नको.

१ मार्च, शुक्रवार

एकदा लिहून ठेवते, म्हणजे मंडळात बोलताना अडखळायला नको.

मे एकोणऐंशी. मी फळ्यावर होते. डनीडनहून चीज फॅक्टरीच्या मॅनेजरला फोन आला, लाइन सात. दुधाचा मोसम संपला की फॅक्टरीला कायमचं कुलूप. साठ माणसं घरी बसणार. जोडणी सुटली का बघायला मी दोरीवर कान ठेवला आणि ऐकलं. ऐकणं हा कामाचा भाग होता. सांगणं नव्हता. फळ्यावर बसण्याआधी सहीनिशी शपथ घ्यावी लागायची, ऐकलेलं कुणालाही सांगणार नाही म्हणून. घरी गेले तर वॉटीनं विचारलं तोंड का उतरलंय, पण ते घरातलं झालं, नवरा-बायकोत काय सांगणं आणि काय न सांगणं. दुसऱ्या दिवशी सकाळी फॅक्टरीच्या दारात साठ माणसं उभी. बातमी फुटली होती.

पोस्टमास्तरांनी मला फळ्यावरून उठवलं आणि तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. सिद्ध काहीच झालं नाही. पण लाइन सातवरच्या घरांत फॅक्टरीच्या जवळचं कोण होतं? टॅम आणि एफी बुकन. टॅम फॅक्टरीचा दुधाचा टँकर चालवायचा. बायकोनं ऐकलं आणि नवऱ्याला सांगितलं, सरळ हिशेब. मी प्रत्येक घरी जाऊन हे सांगितलं. लोकांनाही पटलं. एफीनं रिसीव्हर उचलला की लोक बोलायचे थांबायचे. वर्षभर तिला कुणी चहाला बोलावलं नाही. तिनं एकदाही "मी नाही" असं म्हटलं नाही. निर्दोष माणूस गप्प बसतो का? त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही.

मला फळा परत मिळाला नाही. तिला चहा मात्र परत मिळाला. यात कुठला न्याय?

२ मार्च, शनिवार

खुराडी हलली!! सकाळी नऊ वाजता, लोकरीची टोपी घालून, काठी टेकत, एकेक कोंबडी काखेत मारून म्हातारी पलीकडच्या बाजूला घेऊन चालली होती. मी स्वयंपाकघरात नाचले. गुडघा दुखला, तरी नाचले.

३ मार्च, रविवार

चार वाजून दहा मिनिटं. यादीत सातवी आली. तिला नीट स्थिरावू दिलं. चहा ओतला, एक जिंजरनट बिस्किट बुडवून खाल्लं. मग नवा पासवर्ड टाकला आणि बटण दाबलं.

सात. सहा.

फळ्यावर दोरी ओढली की टच् असा आवाज यायचा. तेवढा एक आवाज कमी पडला, म्हणून तो मी तोंडानंच काढला.

नंतर घरातली सहाच्या सहा यंत्रं रुसून बसली आणि टीव्हीला नवा पासवर्ड पटवता पटवता बातम्या संपल्या. चालेल. सूड फुकट मिळत नाही.

४ मार्च, सोमवार

दोन डझन चीज रोल केले, मंडळासाठी. गुरुवारी बैठक आहे. भाषण पाठ झालंय. आरशासमोर म्हटलं तेव्हा रस्त्यावरून शेतकरी फोर्सिथचा ट्रॅक्टर चालला होता. त्यानं तो थांबवला, माझं पूर्ण होईपर्यंत बसून राहिला आणि टोपी हलवून गेला. लोकांना काही कामं नाहीत.

५ मार्च, मंगळवार

एफी आली होती. माझ्या दारात. पंचेचाळीस वर्षांनी.

घंटा वाजली म्हणून यादीकडं बघितलं, मग दाराकडं. काखेत टॅबलेट, हातात काठी. केवढीशी झालीय ती. मी दार उघडलं आणि म्हटलं, "काय पाहिजे?"

"ओरडू नकोस, उना. दारातच आहे मी."

"माझ्या लाइनवर बसून माझं बोलणं ऐकतेस, आणि वर मला शिकवतेस?"

"ऐकायला लाइन कशाला लागते?" ती म्हणाली. "सगळा रस्ता ऐकतो. इश्बेलचा गुडघा, तुझं पोट साफ न होणं, सगळं. तो लूपेला सांगितलेला पासवर्डसुद्धा माझ्या कोंबड्यांना पाठ असेल."

"मग खुराडी का हलवलीस?"

"तूच बोंब मारलीस करवतवाले येणार म्हणून. करवतीच्या आवाजानं त्या महिनाभर अंडी देत नाहीत."

ती आत आली नाही, पायरीवरच्या खुर्चीवर बसली आणि धाप टाकू लागली. मग टॅबलेट मांडीवर ठेवून म्हणाली, "टॅम गेला त्या वर्षी वॉटीनं मला तुमच्या वायफायवर जोडून दिलं. माझी बहीण नॅन टिमारूच्या वृद्धाश्रमात आहे. तिला आता चेहरे ओळखू येत नाहीत, आवाज येतो. रविवारी चारला आम्ही बोलतो. परवा मी मध्येच गेले. ती संध्याकाळपर्यंत सगळ्यांना विचारत होती, कोण गेलं, कोण गेलं. नर्सनं फोन करून मला सांगितलं. तोडायचं तर तोड, तुझी लाइन आहे. फक्त नॅनला सांगायला मला एक रविवार दे."

वॉटीनं? माझ्या पाठीमागं? या बाईला? माझं डोकं फिरलं. जे पाठ केलं होतं ते सगळं तोंडातून बाहेर पडलं. लाइन सात, फॅक्टरी, साठ माणसं, माझा फळा, तिकिटांची खिडकी. चोराच्या उलट्या बोंबा, असंही म्हटलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. टॅमलाही माहीत होतं."

"मग सांग ना!"

"नाही."

"का नाही?"

"शपथ तू घेतली होतीस, उना. मी नाही. तरी इतकी वर्षं पोटात ठेवलंय. आता या वयात कशाला पोट बिघडवू?"

तिनं टोपीच्या घडीतून एक कागद काढला, खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "पासवर्ड यावर होता. आता चालत नाही, तर तूच ठेव." मग काठी टेकत गेली. मी तिला हात दिला नाही.

नंतर. कागद वाचला. अक्षर वॉटीचं, तेच उजवीकडं झुकलेलं. लाइन७मे१९७९. खाली दोनच ओळी. "एफी, तू आणि टॅमनं माझ्यासाठी जे सोसलं त्याची फेड माझ्याकडून होणार नाही. निदान नॅनशी बोल. वॉटी."

वॉटीसाठी? वॉटीचा यात काय संबंध?

६ मार्च, बुधवार

माझ्या जुन्या वह्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात आहेत. एकोणऐंशीची कधी उघडली नव्हती. काय झालं ते मला तोंडपाठ होतं, उघडायची गरज काय?

जसं आहे तसं उतरवते.

"१६ मे १९७९. दक्षिणेचं वादळ. बुकनांच्या घराकडं जाणारा खांब पडला. एफी पावसात चालत पोस्टात आली, फोन बंद असल्याची तक्रार मी लिहून घेतली, दोन दिवस लागतील म्हटलं. दुपारी फॅक्टरीला डनीडनहून फोन. मोसमानंतर कुलूप. साठ माणसं. दिवसभर घशात अडकून राहिलं. संध्याकाळी वॉटीला सगळं सांगितलं. हलकं वाटलं. मग तो टॅमबरोबर पबमध्ये गेला."

माझंच अक्षर. माझीच शाई.

एफीचा फोन बंद होता. मीच लिहून घेतलं होतं.

वॉटीचा फोटो उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवला. बेचाळीस वर्षं माझ्या हातचं जेवला, मी एफीला शिव्या घालत होते तेव्हा बटाटे सोलत मान हलवत बसला, आणि वर माझ्याकडून तो पासवर्ड टाकून घेतला. माझी जखम म्हणून नाही, त्याची म्हणून. टॅमनं तोंड उघडलं असतं तर वॉटीचं नाव आलं असतं आणि वॉटीमागून माझं. तिकिटांची खिडकीसुद्धा गेली असती, पोस्टानं दिलेलं घर गेलं असतं. म्हणून टॅम गप्प बसला, आणि एफी माझ्या शिव्या खात गप्प बसली.

तासाभरानं फोटो परत सरळ केला. शपथेत "नवरा सोडून" असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. सांगितलं मी. नंतर घरोघरी जाऊन तिचं नाव घेतलं, तेही मीच.

७ मार्च, गुरुवार

मंडळात गेले. चीज रोल ठेवले. उभी राहिले. सगळ्या जणी बघत होत्या, कारण भाषण सगळ्यांना आधीच माहीत होतं, फोर्सिथनं सांगितलं असणार. मी म्हटलं, "एकोणऐंशी साली फॅक्टरीची बातमी माझ्या घरातून फुटली. मी वॉटीला सांगितली होती. एफी बुकननं काही केलेलं नाही." आणि खाली बसले. अध्यक्षीणबाईंनी चहा ओतला तो माझ्या कपाच्या बाहेर गेला.

एफी आली नव्हती. तिनं या बैठकांना येणं केव्हाच सोडलंय, हे माझ्या आज लक्षात आलं.

८ मार्च, शुक्रवार

लूपेला फोन केला. म्हटलं, जुना पासवर्ड परत ठेवायचाय.

"का हो आंटी? नवा आवडला नाही?"

"जुन्यावर एक माणूस आहे," मी म्हटलं. हळू म्हटलं. ती म्हणाली, "आंटी, ऐकू आलं नाही, जरा मोठ्यानं." दोघी हसलो. मग मला रडू आलं आणि ती बिचारी लाइन धरून बसली.

१० मार्च, रविवार

पावणेचारपासून यादीसमोर. सहा.

चार. सहा. चार वाजून पाच. सहा.

तिला मी सांगितलंच नव्हतं. जुना पासवर्ड परत चालू केला हे तिला कळणार कसं? सांगायला गेले असते तर माफी मागावी लागली असती, आणि शुक्रवारपासून मी जे शब्द जुळवले ते सगळे मला खोटे वाटले. शेवटी शेडच्या पायरीवर गेले आणि कुंपणाशी उभी राहून मोठ्यानं एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "लाइन, सात, मे, एकोणीसशे एकोणऐंशी." आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम ओरडले.

पलीकडं कोंबड्या. बाकी काही नाही.

आत येऊन बघितलं. सहा. खुर्चीत बसले. उठले. बघितलं.

सात.

पुन्हा कुंपणाशी गेले. पलीकडून अंधूक आवाज येत होता, कुणीतरी फार म्हातारं माणूस काहीतरी विचारत होतं आणि एफी उत्तर देत होती. मला नीट ऐकू येत नव्हतं. पुढं सरकले असते तर आलं असतं. मी कुंपणाला तोंड लावून हळूच विचारलं, "वर्किंग?"

बोलणं थांबलं. मग एफीचा आवाज आला, कोरडा, पण आला.

"वर्किंग."

मी आत आले आणि खिडकी लावून घेतली.